गोणीपेक्षा हलका

रविवार, २ जून २०२४. कोपरखैरणे

ठाणे स्टेशनात पाच नंबरचा फलाट रुंद करायचं काम काढलेलं, त्यामुळे गुरुवार रात्रीपासून ६३ तासांचा ब्लॉक होता. कळव्याहून विटाव्यापर्यंत रिक्षा आणि तिथून बस, असं करत दुपारी आबांच्या घरी पोचलो. सिडकोनं माथाडींना दिलेलं बैठं घर. आजूबाजूच्या सगळ्यांनी मजल्यावर मजले चढवले, आबांनी फक्त पोटमाळा काढला. त्या पोटमाळ्यावर मी आणि आबांचा मुलगा, माझा मित्र, दहावीचा अभ्यास करायचो.

त्याचं नाव या लेखात येणार नाही. द्रासच्या युद्धस्मारकाला निघायच्या आधीच आबांनी बजावलं होतं, "लिवायचं ते लिव, पर नाव नगं. नाव तिकडं भिताडावर हाय, तेवढं बास." त्यामुळे तो इथे 'तो'च राहील. १९७७ चा जन्म, तोफखान्यात गनर, कारगिल युद्धात ७ जून १९९९ ला द्रासजवळ महामार्गालगतच्या तोफांवर झालेल्या गोळाबारीत गेला. वय २२.

काकींच्या गुडघ्यांमुळे त्या येणार नव्हत्या. त्यांनी ट्रंकेतून घोंगडी काढून ठेवली होती. काळी, जाड, माणदेशातल्या धनगराकडून घेतलेली. "ही न्या," एवढंच म्हणाल्या. आबांनी काही न बोलता ती पिशवीत भरली. या घोंगडीची गोष्ट मला माहीत आहे, कारण तिच्यात माझाही हात आहे.

मे १९९९ मध्ये त्याची तीन पत्रं घरी आली. पत्त्यावर '५६ एपीओ', बाकी ठिकाण कळायला मार्ग नाही. आबा दुसरीपर्यंत शिकलेले, काकी शाळेत गेलेल्याच नाहीत, त्यामुळे घरची पत्रं वाचायचं काम माझं. काकींनी घोंगडी पार्सलनं पाठवायची तयारी केली होती, सुतळीसुद्धा आणलेली. तेवढ्यात तिसरं पत्र आलं. त्यात होतं: 'इथे थंडी नाही. घोंगडी पाठवू नका, उगाच भार होईल. आबांना सांगा, आमच्या तोफेचा गोळा मार्केटातल्या गोणीपेक्षा हलका आहे, काळजी करू नका.' हे मी याच घरात, याच जमिनीवर बसून मोठ्यानं वाचलं होतं. घोंगडी परत ट्रंकेत गेली.

त्याच टपालानं मलाही एक पत्र आलं होतं. ते मी कोणाला वाचून दाखवलं नाही. गेली २५ वर्षं ते माझ्या कपाटात होतं, आज पहिल्यांदा पिशवीत घेतलं.

संध्याकाळी आबा म्हणाले, मार्केटला जाऊन येऊ. रविवार असल्यानं तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट बंद, फाटकावरचा माणूस ओळखीचा. रिकाम्या गाळ्यांमधून आम्ही दोघं चाललो. कांद्याच्या सालींचा थर पायाखाली वाजत होता. १९८१ साली हे मार्केट मुंबईतून इथे आलं, त्याच्याबरोबर आबाही आले. त्याआधी मशीद बंदरला पाठीवर शंभर किलोची गोण असायची, पुढे ५० वर आली. १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटलांची चळवळ यांमुळे आमच्यासारख्या घरांना पगार, बोनस, भविष्यनिर्वाह निधी असले शब्द माहीत झाले. आबांची टोळी नऊ जणांची, सगळे पाटण आणि जावळीकडचे. मुकादम आबाच.

तो बारावीनंतर दोन वर्षं याच टोळीत बदलीवर होता. त्याची एक खासियत होती. गोण्यांची थप्पी नुसती बघून आकडा सांगायचा. एकशे सत्याऐंशी म्हणाला तर एकशे सत्याऐंशीच. व्यापारी पैज लावायचे आणि हरायचे. आबा त्या गाळ्यासमोर थांबले, हात थप्पीएवढा उंच करून म्हणाले, "हितनं बघायचा. मोजायचा न्हाई, नुस्तं बघायचा."

सोमवार, ३ जून. वांद्रे टर्मिनस

गाडी वेळेवर सुटली. आबांनी खिडकी घेतली. डब्यात वैष्णोदेवीला निघालेली कुटुंबं, पत्ते, ढोकळ्याचे डबे. कुणी विचारलं की आबा "काश्मीरला" एवढंच सांगत. फिरायला? "व्हय."

मी खूप दिवसांनी त्याच्याबद्दल सलग विचार केला. १९९७ साली आम्ही दोघं भरतीला गेलो होतो. मैदानात दोघंही पास झालो. वैद्यकीय तपासणीत माझे तळपाय सपाट निघाले. त्याला नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला बोलावणं आलं, मी परत आलो. तो पायदळात गेला असता तर मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव, असं आमच्या डोक्यात होतं. तोफखाना कुणाच्याच मनात नव्हता. आबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आबा, तिथंबी टोळीच हाय. एका तोफेवर आठ-नऊ जण. एकानं हात आखडला तर सगळं अडतंय."

९८ च्या दिवाळीत तो सुट्टीवर आला होता. वाशीच्या खाडीपुलावर उभं राहून भेळ खाताना त्यानं मला तोफेचं काम सांगितलं. तोफ चालवणाऱ्याला शत्रू दिसत नाही. डोंगरावर पायदळाबरोबर तोफखान्याचाच एक अधिकारी असतो, तो वायरलेसवर सांगतो: दोनशे डावीकडे, शंभर पुढे. खालची टोळी तोफ तेवढी फिरवते आणि गोळा सोडते. कुठं पडला हे वरचाच माणूस सांगणार. "म्हणजे आबांसारखंच," तो म्हणाला, "गोण उचलायची. ती कुणाच्या स्वयंपाकघरात गेली, कोण सांगणार?"

हे मी आबांना गाडीत सांगितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. बडोदा येईपर्यंत ते गप्प होते.

मंगळवार, ४ जून. जम्मू

सकाळपासून डब्यात लोकसभेच्या निकालाची चर्चा, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. संध्याकाळी जम्मूत उतरलो तर अंगाची लाही. हमालानं घोंगडीच्या पिशवीला हात लावताच आबांनी ती काखेत घेतली. हमाल आपल्यासारखाच म्हातारा, हे पाहून त्याला न उचलल्याचेही पैसे दिले.

आमचे दोघांचेही सिम प्रीपेड, ते इथे चालत नाहीत. लॉजच्या फोनवरून काकींना एकदाच कळवलं.

बुधवार, ५ जून. जम्मू ते श्रीनगर

चेनानी-नाशरीचा बोगदा नऊ किलोमीटरांच्या वर, बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ. बोगद्यात शिरलं की आबा टोपी सारखी करत, बाहेर आलं की परत एकदा. १९९९ मध्ये यातला एकही बोगदा नव्हता. पटनीटॉप चढून, जवाहर बोगद्यातून, लष्कराच्या गाड्यांच्या रांगेतून तो या रस्त्यानं गेला असेल. तोफा ओढत.

रामबनच्या अलीकडे पीडा नावाच्या गावात राजमा-भात खाल्ला, वर तुपाची धार. आबांनी राजम्याचा दाणा बोटांत धरून उजेडाकडे केला. "ह्यो आपला वाघ्या घेवडाच की रं!" कोरेगावचा वाघ्या घेवडा आबांनी ट्रकच्या ट्रक उतरवलेला. ढाबेवाल्याला ते मराठीतच समजावून सांगत होते की साताऱ्याकडे याची उसळ कशी करतात, आणि तो मान हलवत दुसरी वाढ घालत होता. या प्रवासात आबा मनापासून जेवले ते तेवढंच.

रात्री श्रीनगर. दल सरोवराच्या काठाशी खोली, पण आम्ही पाण्याकडे पाहिलंही नाही. आबा लवकर झोपले. मी पत्र काढलं आणि न वाचता परत ठेवलं.

गुरुवार, ६ जून. सोनमर्ग

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ७४ व्या वर्षी एका दिवसात उंचीवर जाऊ नका. म्हणून सोनमर्गला मुक्काम. आबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा बरा होता. सिंध नदीच्या काठी लोक घोड्यांवर फिरत होते. आबा दगडावर बसून समोरच्या रस्त्यावरचे ट्रक बघत राहिले.

मनातली एक गोष्ट लिहून टाकतो. दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, आबांना फोन येतात. हार, शाल, नारळ, शाळेतली भाषणं. चांगली माणसं असतात, मनापासून बोलावतात. पण प्रत्येक जण विचारतो, कुठल्या शिखरावर? आबा सांगतात, शिखरावर नव्हता, खाली तोफेवर होता. समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. एका कार्यक्रमात निवेदकानं सरळ 'टायगर हिलवर तिरंगा फडकवताना' असं सांगून टाकलं, आणि आबा व्यासपीठावर मान खाली घालून बसले होते. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि उठून बोललो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ७ जूनला मात्र कुणाचाच फोन येत नाही. म्हणूनच आबांनी ही तारीख धरून यायचं ठरवलं. "पाय चालत्यात तवर एकदा जागा बघून येऊ," म्हणाले.

शुक्रवार, ७ जून. द्रास

झोजिला एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात, म्हणून पहाटे पाचला रांगेत लागलो. पुढे ट्रक उभे होते. त्यातल्या एकावर लाल जाळीच्या गोण्या दिसल्या आणि आबा उतरले. गोणीवर तळवा दाबला, सालीचा एक पापुद्रा ओढून चोळला. "नाशिकचा हाय. उन्हाळी." चालकाला विचारलं तर खरंच, महाराष्ट्राचा कांदा, लेहला निघालेला. आबांनी जाळीची शिवण, गाठ, सगळं तपासलं. मुकादमानं माल तपासावा तसं.

झोजिला ३,५२८ मीटर. रस्ता कच्चा, एका अंगाला जूनमध्येही माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती, दुसऱ्या अंगाला दरी. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी याच घाटातून स्टुअर्ट रणगाडे वर चढवले होते. गाडीतून हादरे खात जाताना ते अशक्य वाटतं. आबांनी बर्फ आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. खिडकीतून हात बाहेर काढला आणि लगेच आत घेतला.

घाट उतरल्यावर झाडं संपली. गुमरी, मटायन, पांद्रास. उघडे डोंगर, मधून द्रास नदी, तिच्याकडेला रस्ता. द्रासला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. जगातली दुसऱ्या क्रमांकाची थंड वस्ती असं सांगणारा फलक रस्त्यातच आहे. गावापासून थोडं पुढे, तोलोलिंग शिखराच्या पायथ्याशी स्मारक.

तोलोलिंगचं नाव पंचवीस वर्षं ऐकत होतो. मला वाटायचं, लांब कुठं तरी ढगात असेल. ते तर रस्त्याच्या डोक्यावर उभं आहे, अगदी अंगावर आल्यासारखं. तिथे उभं राहिल्यावर जे कळतं ते नकाशावरून कळत नाही. वर बसलेल्या पाकिस्तानी सैनिकाला खालची प्रत्येक गाडी, प्रत्येक तोफ, चहाला पेटवलेली प्रत्येक चूल दिसत असणार. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता हा एकच. वरून पाहून ते त्यांच्या तोफांना आकडे कळवत आणि गोळे या रस्त्यावर पडत. शत्रूची तोफ कुठून डागते हे हुडकणारं रडार तेव्हा आपल्याकडे नव्हतं. १३ जूनला राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियननं तोलोलिंग घेतलं. तो ७ तारखेला गेला होता. सहा दिवस.

आत शिरल्यावर विजयपथ, दोन्हीकडे झेंडे, शेवटाला ज्योत आणि मागे गुलाबी दगडाची भिंत. भिंतीवर नावं. कारगिलच्या लढाईत, म्हणजे ऑपरेशन विजयमध्ये, ५२७ जण गेले. एका तुकडीतला जवान पर्यटकांच्या गटाला शिखरं दाखवत होता. हिंदीत बोलत होता, पण 'यहाँ से' म्हणताना जीभ जरा अडखळली आणि आबांनी ओळखलं. "कोल्हापूरचा का रं बाळा?" तो वळला. कागलकडचा निघाला. आबांनी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानं गटाला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, टाचा जुळवल्या आणि आबांना कडक सलाम केला. मग पायाला हात लावला.

नाव शोधायला त्यानंच मदत केली. आबा म्हणाले, "वाच." मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं, सावकाश, जसं अंगठ्याऐवजी सही शिकताना गिरवलं असेल तसं. रडले नाहीत. मीच तिकडे तोंड केलं.

वीरभूमीत दगडी पाट्यांच्या रांगा आहेत. त्यांतून हिंडत आम्ही बोफोर्स तोफेपाशी आलो. मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. आबा तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. चाकं, नळी, मागचे पाय. मग कागलच्या जवानाला त्यांनी विचारलं, आणि मला कळलं की हा प्रश्न ते कोपरखैरण्याहून घेऊन निघाले होते.

"ह्येचा गोळा किती किलोचा?"

"त्रेचाळीस, आबा. त्रेचाळीसच्या आसपास."

"पन्नास न्हाई?"

"न्हाई, त्रेचाळीस. तोफंवर चढवाय क्रेन हाय, पर गाडीतनं उतरवून तिथवर आणायचा तो हातांनीच."

आबांनी मान हलवली. दोनदा. "खरं लिवलं हुतं," म्हणाले.

पंचवीस वर्षं त्यांना वाटत होतं की पोरानं बापाचं मन राखायला वजन कमी लिहिलं.

जवान आता मोकळा बोलू लागला. त्या उन्हाळ्यात तोफा, रॉकेट, उखळी तोफा मिळून अडीच लाखांच्या आसपास गोळ्यांचा मारा झाला. बोफोर्स तर अशा महामार्गालगत आणून थेट समोरच्या डोंगरावर डागल्या, एरवी तोफ असं समोरासमोर लढत नाही. पायदळ चढायच्या आधी तासन् तास वरची ठाणी भाजून काढायची, हे काम तोफांचं. आबा ओठ हलवत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. ते हिशेब करत होते.

"ट्रकात दोनशे गोण्या. अडीच लाख म्हंजी साडेबाराशे ट्रक." थांबले. "साडेबाराशे ट्रक कुणी उतरवलं? ते कोण ईचारतच न्हाई."

सगळे गोळे ४३ किलोचे नव्हते, लहान तोफांचे हलके असतात, हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. त्यांचा मुद्दा बरोबर होता.

निघताना जवानानं एक शिखर दाखवलं. पॉइंट ५१४०. २० जून १९९९ ला ते जिंकलं, आणि २०२२ च्या जुलैमध्ये तोफखान्याच्या सन्मानार्थ त्याला 'गन हिल' नाव दिलं. आबांना नीट कळलं नाही म्हणून त्यानं मराठीत सांगितलं, "तोफवाल्यांचा डोंगर, आबा. तुमच्या पोराचाच म्हणा." आबांनी त्या डोंगराला हात जोडले नाहीत. कंबरेवर हात ठेवून, मान एका बाजूला कलवून नुसते बघत राहिले. तो थप्पीकडे बघायचा तसंच. ही सवय त्यानं कुणाची उचलली होती ते मला तिथं कळलं.

मुक्काम गावातल्या एका घरी. घरमालक माझ्याच वयाचा. गोळे पडू लागले तेव्हा ते सगळे गुरांच्या गोठ्यात लपले होते, नंतर रातोरात गाव सोडलं. त्याच्या चुलत्यानं लष्करासाठी घोड्यांवरून सामान वाहिलं. त्यानं आबांसाठी चुलीजवळची जागा केली, गरम थुक्पा दिला, आणि पैशाचं नावही काढू दिलं नाही.

शनिवार, ८ जून. द्रास, मग श्रीनगर

रात्रभर वारा होता. दोन रजया घेऊनही माझे दात वाजत होते. पहाटे साडेचारला डोळे उघडले तर आबा बिछान्यात नाहीत. बाहेर ओट्यावर घोंगडी लपेटून बसले होते, तोंड तोलोलिंगकडे. मी शेजारी बसलो. जून महिना होता, आणि बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "वजनाचं खरं लिवलं. थंडीचं खोटं."

मी आत जाऊन पत्र आणलं. म्हणालो, आबा, हे मला आलं होतं, तुम्हाला दाखवलं नाही. त्यांनी विचारलं नाही की का. "वाच," म्हणाले. भिंतीपाशी म्हणाले होते तसंच.

मोबाइलच्या उजेडात मी वाचलं. त्यानं लिहिलं होतं: 'पहाटे गोळ्याचं लोखंड हाताला चटका दिल्यासारखं लागतं. बोटं वाकत नाहीत, काखेत घालून गरम करतो आणि परत उचलतो. कपडे सगळ्यांना पुरलेले नाहीत. घरी सांगू नको. आईला घोंगडी पाठवू देऊ नकोस, इथे एकट्यानं घोंगडी पांघरून बसायला लाज वाटेल, टोळीतले बाकीचे तसेच आहेत.'

त्या पहिल्या आठवड्यांत उंचावरचे गरम कपडे कमी होते, यावर नंतर पुष्कळ छापून आलं. मला ते कुणाच्या आधी कळलं होतं, आणि मी काकींसमोर 'इथे थंडी नाही' हे शब्द खणखणीत आवाजात वाचले होते. मी आबांना म्हणालो, मी तेव्हा बोललो असतो तर घोंगडी तरी पोचली असती.

आबा म्हणाले, "पोचली असती तर त्यानं दुसऱ्याच्या अंगावर टाकली असती. एकटा घिऊन झोपणारं न्हवतं ते." मग घोंगडीचा एक पदर काढून माझ्या खांद्यावर टाकला. उजाडेपर्यंत आम्ही तसेच बसलो. तोलोलिंगच्या माथ्यावर आधी ऊन आलं, मग हळूहळू खाली उतरत रस्त्यापर्यंत आलं.

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घडी घालून परत माझ्या खिशात ठेवलं. "ह्ये तुझं हाय. घरात नगं."

सातला निघालो. परत झोजिला, परत सोनमर्ग, रात्री श्रीनगर. रस्त्यात दोघंही झोपलो.

रविवार, ९ जून. परत कोपरखैरणे

आबांचा पहिला विमानप्रवास. ढगातून खाली येताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मुंबईत पाऊस लागला होता, मोसमी पाऊस दाखल झाल्याचं वेधशाळेनं त्याच दिवशी जाहीर केलं. टॅक्सीनं ऐरोली पुलावरून येताना खाडीवर पाण्याचा पडदा. लहानपणी याच खाडीच्या चिखलात आगरी पोरांनी आम्हाला निवट्या धरायला शिकवलं होतं. त्याला एकही सापडायची नाही, पण कुणाच्या डब्यात किती आहेत ते तो न मोजता सांगायचा.

दारात काकी उभ्या होत्या. आबा आत गेले, टोपी खुंटीला लावली, तांब्याभर पाणी प्याले. नाव नीट कोरलंय, म्हणाले. तोफ बघितली. गोळा त्रेचाळीसचा, त्यानं लिवलं हुतं तसाच. कागलचा एक पोरगा भेटला, लई गुणाचा. तोफवाल्यांच्या नावाचा डोंगर हाय तिथं. काकी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होत्या.

मग त्यांनी पिशवीतून घोंगडी काढली. तिला द्रासच्या चुलीच्या धुराचा वास होता, एका कडेला ओल होती. काकींनी ती नाकाशी धरली. ट्रंकेचं झाकण उघडंच होतं.

"लागली का वं?" त्यांनी विचारलं. "थंडी हुती?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई," म्हणाले. "थंडी कुठली तिकडं."